भंगारातून निघालेली सायकल आणि आपले आरोग्य

रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हला गेलो तर डोक्यावर हेल्मेट, अंगात घट्ट कपडे आणि खाली महागडी सायकल अशी माणसे घोळक्याने दिसतात. ती पाहून आपल्या वस्तीतल्या माणसाच्या मनात एकच विचार येतो : हे पैसेवाल्यांचे खेळ, आपल्याला काय त्याचे? जाड टायरची, गिअरची, डोंगरावर चालवायची 'माउंटन बाइक' म्हटले की तो विचार आणखी पक्का होतो. या आरोग्य पानात आम्ही त्याच सायकलीबद्दल लिहीत आहोत, आणि मुद्दाम रे रोड, दारूखाना, कौला बंदर, कॉटन ग्रीन या पट्ट्यातली आपली घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत. कारण ही सायकल पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यात जन्मली नाही. ती भंगारातून निघाली.

टाकलेल्या वस्तूतून झालेला खेळ

१९७० च्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन परगण्यात काही तरुण टमाल्पाइस डोंगराच्या कच्च्या वाटांवरून सायकली खाली सोडू लागले. त्या सायकली १९३०-४० च्या काळातल्या होत्या. फुगीर टायरच्या, जड सांगाड्याच्या, लोकांनी अडगळीत टाकलेल्या. या मुलांनी त्यांचे मडगार्ड काढले, नको ते सारे उतरवले, नवे ब्रेक आणि गिअर बसवले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी डोंगरउताराची पहिली शर्यत घेतली. तिचे नाव 'रीपॅक'. उतरताना मागच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळायचे आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागायचे, म्हणून हे नाव. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवा सांगाडा बनवला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोहोचला. पहिल्या शर्यतीपासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षे.

जहाज तोडून निघालेल्या लोखंडावर ज्या दारूखान्यात हजारो चुली पेटतात, तिथल्या माणसाला टाकलेल्या वस्तूची किंमत वेगळी सांगायला नको.

आपल्याकडे या ढंगाची सायकल आली ती 'रेंजर' नावाने. सरळ हँडल, जाड टायर. कंपनी कोणतीही असो, पोरे तिला रेंजरच म्हणत. आज महाराष्ट्रातल्या मुलीही या खेळात पुढे आहेत. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळवली आहेत. पण आम्ही इथे पदकांबद्दल लिहीत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते साखर, रक्तदाब, गुडघे आणि छातीतल्या दमाबद्दल.

हा आजार आपल्या घरातला आहे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. दर तीन प्रौढांमागे एकाहून जास्त माणसाला उच्च रक्तदाब आहे. मधुमेह हा शेठजींचा आजार, ही समजूत कधीच खोटी ठरली. वडापाव, पाव-चहा, पॉलिश केलेला तांदूळ, रात्रपाळी, अपुरी झोप आणि तंबाखू हे सगळे आपल्या वस्तीत आहे.

बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. पायांच्या वेदना, अधू होत गेलेली नजर, आणि तरीही रात्र रात्र चाललेले लेखन. त्या काळी उपचार थोडे होते आणि त्यांच्या डोक्यावर एका समाजाचा भार होता. आज रक्तातली साखर महापालिकेच्या दवाखान्यात तपासता येते, गोळ्या मिळतात. तरी पायाची जखम चिघळून बोट किंवा पाऊल गमावलेला माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहे. त्याला वाचवण्याची साधी साधने आपण वापरत नाही, ही खरी दुःखाची गोष्ट आहे.

सायकल यात काय करते? माणसाच्या शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांत आणि कुल्ल्यांत असतात. पायडल मारताना तेच काम करतात. स्नायू चालू असताना रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतो, आणि काम थांबल्यावरही काही तास त्याची इन्सुलिनला दाद देण्याची ताकद वाढलेली राहते. म्हणून रोज किंवा एक दिवसाआड चालवलेली सायकल साखरेवर औषधाला साथ देते. औषधाची जागा मात्र ती घेत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

बेस्टच्या बसमधली शिकवण

हालचालीचा हृदयाशी संबंध काय, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते लंडनच्या दुमजली बसमध्ये. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघे एकाच बसवर, एकाच थरातले कामगार. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला आणि त्याने मरण येण्याचे प्रमाणही त्यांच्यात बरेच कमी होते. बेस्टच्या दुमजली बसमध्ये तिकीट फाडत वर-खाली करणारे कंडक्टर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच पटेल.

पुढे ब्रिटनमध्येच २ लाख ६३ हजार लोकांचा अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये त्या काळात कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका, गाडी-बसने जाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळला. सगळे श्रेय एकट्या सायकलीचे असे म्हणता येणार नाही, पण एवढा मोठा फरक डोळ्याआड करण्यासारखाही नाही.

'आम्ही दिवसभर ओझीच उचलतो'

वस्तीत व्यायामाचा विषय काढला की माथाडी, हमाल, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या भगिनी विचारतात : आम्ही राबतो तो व्यायाम नाही का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

पोट भरण्यासाठीचे जड काम आणि आरोग्यासाठीची हालचाल यांचा शरीरावर सारखा परिणाम होत नाही, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. पाठीवर ओझे घेऊन माणूस श्वास रोखतो, अंग ताठ ठेवतो, रक्तदाब वर जातो आणि तो तासन् तास वरच राहतो. थांबायचे कधी हे त्याच्या हातात नसते. एकाच बाजूचे सांधे झिजतात, विश्रांती मिळत नाही. सायकलवर पाय लयीत फिरतात, श्वास मोकळा चालतो, आणि दमलो तर पायडल थांबवता येते. म्हणून ज्याने दिवसभर ओझी वाहिली त्याने संध्याकाळी आणखी जोर लावू नये. त्याला वीस मिनिटांची सावकाश सायकल पुरे. कामाच्या ठिकाणी ओझ्याची मर्यादा, पाणी, विश्रांती आणि सुरक्षा मागणे हा त्याचा हक्क आहे. सायकल त्या हक्काला पर्याय नाही. उलट जे दिवसभर बसून असतात, म्हणजे वॉचमन, टॅक्सीचालक, शिवणकाम करणाऱ्या भगिनी, अभ्यासाला बसलेली मुले, त्यांना ही हालचाल सर्वांत जास्त हवी.

जाड टायरचा वेगळा फायदा

साधी सायकल चालवली तरी वरचे सारे लाभ मिळतात, हे आधी सांगतो. मग माउंटन बाइकचे वेगळे काय? खडबडीत जमिनीवर तोल सांभाळताना पायांबरोबर पोट, पाठ, खांदे आणि दंडही कामाला लागतात. चढ आला की हृदय जोरात चालते, उतारावर त्याला उसंत मिळते, आणि ही चढउतार हृदयाची कुवत वाढवते. शांत बसलेल्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते तिच्या सुमारे साडेआठ पट ऊर्जा डोंगरातल्या सायकलीला लागते. भरभर चालण्याच्या जवळजवळ दुप्पट. शरीराचे वजन सीटवर राहत असल्याने गुडघ्यांना धावण्याइतके हादरे बसत नाहीत. हलका गिअर टाकला तर चढही गुडघ्यांना जाचत नाही.

आणि आपल्या गल्ल्या? खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, गटाराची झाकणे, लोखंडाचे तुकडे. अशा ठिकाणी जाड टायर चैनीसाठी लागत नाही, तो सोयीचा आहे.

मनाचा लाभ वेगळा सांगायला हवा. खडबडीत वाटेवर नजर पुढच्या दहा हातांवर ठेवावी लागते. मोबाइल खिशातच राहतो. नोकरी नाही म्हणून नाक्यावर बसणाऱ्या मुलाला अर्धा तास असे गुंतवले तर त्याची झोप सुधारते, चिडचिड उतरते. ज्याला चढावर दम लागतो त्याला गुटखा आणि सिगारेट काय करतात हेही छातीतूनच कळते. पाचवे शील पाळायला असा सोबती उपयोगी पडतो.

किती चालवावी, कोणी जपावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास हवा. मध्यम म्हणजे किती? सायकल चालवताना शेजारच्याशी बोलता येते पण भीमगीत गाता येत नाही, एवढा दम लागला की ते मध्यम. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम उतरू शकते. त्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब थांबून तो खावा. पायांत बंद बूट घालावेत, घरी आल्यावर तळपाय पाहावेत. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, चक्कर यांपैकी काही जाणवले तर सायकल सोडून दवाखाना गाठावा. हृदयविकार असलेल्यांनी, खूप वाढलेला रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी क्षयाची तपासणी करून घ्यावी. राज्यातल्या निम्म्याहून अधिक महिलांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा थोड्या चढावरही धाप लागणाऱ्या भगिनींनी हिमोग्लोबिन तपासावे. तो आळस नसतो, आजार असतो.

ट्रक, धूर आणि आपला रस्ता

रे रोडला सायकलीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ट्रक. बॅरिस्टर नाथ पै मार्गावर गोदीची आणि लोखंडाची अवजड वाहने चालतात. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला त्याच्या डाव्या बाजूचा सायकलवाला दिसत नाही. त्या बाजूला कधीही शिरू नये. पूर्व मुक्त मार्गावर सायकलला परवानगी नाही. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या रे रोडच्या केबलच्या पुलावर नवशिक्याने जाऊ नये. हेल्मेट, घंटी, मागे लाल दिवा आणि दोन्ही ब्रेक चांगले असल्याशिवाय सायकल बाहेर काढू नये. दारूखान्यात जिथे गॅसने लोखंड कापतात, त्या धुरातून तर नाहीच नाही.

हवेबद्दलही स्पष्ट बोलू. एका अभ्यासानुसार सूक्ष्म धुळीचे प्रमाण घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम इतके वाईट असले तर रोज दीड तासाहून जास्त सायकल चालवण्यात फायद्यापेक्षा तोटा होऊ लागतो. अर्ध्या तासाच्या सायकलीचा लाभ मात्र टिकतो. म्हणून आपला हिशेब अर्ध्या तासाचाच ठेवावा. हिवाळ्यात धुरके दाट असेल त्या दिवशी सुट्टी घ्यावी.

रविवारी सकाळी, ट्रकांची वर्दळ कमी असताना, कॉटन ग्रीनवरून शिवडीला जाता येते. अवघी दोन स्टेशने. ओहोटीच्या वेळी, हिवाळा-उन्हाळ्यात, खाडीच्या चिखलात रोहित पक्षी दिसतात. चढाचा सराव हवा असेल तर डॉकयार्ड रोडजवळच्या भंडारवाडा टेकडीचा रस्ता आहे. बागेत मात्र सायकल नेऊ नये.

आया-बहिणींनी का मागे राहावे?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती मोहीम उचलून धरली. शेतमजूर, दगडखाणीत खपणाऱ्या, गावकुसाबाहेरच्या हजारो बाया सायकलवर बसल्या. सुरुवातीला टोमणे झाले. बायका थांबल्या नाहीत. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण आडव्या दांडीवर मूल बसवता येते. पाणी, बाजार, कामाचे ठिकाण सारे जवळ आले.

आपल्या मुलींना आपण शिकवतो, स्पर्धा परीक्षांना बसवतो. मग अंधार पडायच्या आत मैदानात सायकल शिकायला का नाही? ओढणी आणि पदर चाकात अडकतो, तेवढी काळजी घेतली की झाले.

जुनी सायकल कशी पारखावी

नवी गिअरची सायकल घेण्यासाठी कर्ज काढू नका. जुन्या बाजारात चांगली सायकल मिळते, फक्त पारख हवी. सांगाड्याच्या जोडांवर भेग किंवा नवे वेल्डिंग दिसले तर ती घेऊ नका. चाक उचलून फिरवा, ते डुगडुगता कामा नये. टायरच्या कडेला चिरा नकोत. सीट इतकी वर करा की पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ होईल. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी सीट खाली असल्याने होतात, असे सायकलवाले मिस्त्री सांगतात. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवरच छापलेले असते.

कान्हेरीपर्यंत

अंगुत्तर निकायात चंकम सुत्त आहे. चंक्रमणाचे, म्हणजे चालत केलेल्या साधनेचे, पाच लाभ तथागतांनी त्यात सांगितले. प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, आणि चालताना साधलेली चित्ताची एकाग्रता जास्त टिकते. यातले पहिले चार आजचा डॉक्टरही सांगेल. शरीराला छळूही नये आणि लाडावूनही ठेवू नये, हा मध्यम मार्ग आपल्याला नवा नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. प्रत्येक विहाराने चार-पाच घरांत मिळून एक जुनी सायकल घ्यावी, विहाराजवळ ठेवावी, आणि वहीत नाव लिहून ती आळीपाळीने चालवावी. पंक्चर काढायला एखाद्या मुलाने शिकून घ्यावे. तीन महिन्यांनी, ज्यांना अर्धा तास न थांबता चालवता येते, त्यांनी मिळून बोरीवलीला जावे. रे रोडवरून गोरेगावची हार्बर लोकल, पुढे पश्चिम मार्गाची गाडी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी भाड्याने सायकल मिळते. तिथून कान्हेरी लेणी सुमारे ६ किलोमीटर. रस्ता डांबरी, झाडीतला, शेवटी चांगला चढ. सोमवारी उद्यान बंद असते. बिबट्यांचे जंगल आहे, तेव्हा दिवसाउजेडी आणि गटानेच जावे.

वर शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे तिथे भिक्खू राहिले. त्यांनी कातळात कोरलेले पाण्याचे पाट आणि पोढ्या आजही दिसतात. ते लोक रोज हा डोंगर चढत-उतरत होते. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात स्तूपासमोर घामेजल्या अंगाने उभे राहिलात, तर वंदना करण्याआधी मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजा. किती ठोके पडतात ते वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच चढावर पुन्हा मोजा, आणि आकडा खाली आला असेल तर आम्हाला कळवा.